सख्ख्या बहिणी

"कोंबडा बरा हाय. तिन्ही पक्षी तब्येतीला झकास. पण ह्या दोघी अक्का-तंगी वाटत न्हाईत की वो."

गेल्या हिवाळ्यात धारवाडच्या बाजूला भरलेल्या एका पक्षी-प्रदर्शनात परीक्षक एवढं बोलले आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळले. माणूस कन्नड, पण चिठ्ठीवरचं माझं नाव-गाव वाचून मुद्दाम मराठीत बोलला. अक्का-तंगी म्हणजे कन्नडात थोरली-धाकटी बहीण. बोलण्यात कुत्सितपणा अजिबात नव्हता. माझी प्रवेशिका त्रिकुटाची होती, म्हणजे एक कोंबडा आणि दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या. शहापुरातल्या दुकानात साडीचा पदर उलटून बघावा तसा त्यांनी एकीचा पंख उलगडून पाहिला, मग दुसरीचा. दोघींना हातात धरून त्यांचे पाय शेजारी-शेजारी आणले. एकीचे पाय निळसर राखाडी, दुसरीचे शेवाळी. पिसांच्या छटेतही थोडा फरक होता, पण नडले ते पाय. त्यांचा बाप दोघींच्या मध्ये उभा राहून तुरा हलवत होता. आई इकडे बेळगावात, अनगोळला, आमच्या परसातल्या खुराड्यात. ती जोडी मी महिनाभर वेगळी कोंडून ठेवली होती आणि अंडी त्या दोघांचीच होती, याबद्दल मला काडीचीही शंका नाही. आमच्या वर्गात बक्षीस मिळालं ते काळ्याकुळकुळीत त्रिकुटाला. तिघांचे तुरे एका मापाचे, तिघांचे पाय एका रंगाचे. सुंदर होती ती, नाही कशाला म्हणू.

माझी धाकटी बहीण आणि मी गणपत गल्लीत खरेदीला गेलो, तर दुकानदार आम्हाला जावा-जावा समजतो. त्याला आम्ही हसतो. मग या वाक्याला मला हसता का आलं नाही, हे अजून नीट कळलेलं नाही.

प्रदर्शनाची तयारी म्हणजे काय असते हे मला भाच्याने शिकवलं. त्याच्याकडे ब्रह्मा आहेत, सिल्की आहेत, डोक्यावर पिसांचा टोप असलेल्या पॉलिश आहेत. सगळा फॅन्सी मामला. त्याने सांगितल्याप्रमाणे महिनाभर आधीपासून रोज थोडा वेळ पक्ष्यांना लहान पिंजऱ्यात ठेवायचं, हात नेहमी खालून आणि सावकाश न्यायचा, म्हणजे परीक्षकाने उचललं तरी पक्षी धडपडत नाही. दोन दिवस आधी आंघोळ. तीन टब कोमट पाणी: पहिल्यात शाम्पू, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात व्हिनेगरचे चार थेंब, म्हणजे साबण राहत नाही. आयुष्यभर मातीत लोळून अंग साफ करणारी आमची जवारी, म्हणजे गावठी, कोंबडी कोमट पाण्यात घातल्यावर आधी ताठरली, मग डोळे मिटून चक्क झोपली. तिची मान हातावर तोलून धरावी लागली. ओल्या पिसांचा तो वास, थोडा पावसाळी, थोडा भाताच्या तुसाचा, दिवसभर माझ्या हाताला येत होता. मग जुन्या टूथब्रशने पायांचे खवले घासायचे, तुऱ्याला आणि पायांना खोबरेल तेल लावायचं. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या लग्नात आम्हाला नाही गे एवढं नटवलं." तर असे घासून-पुसून, तेल लावून चकाकवलेले पाय मी स्वतः परीक्षकांपुढे धरले होते.

माझं माहेर जांबोटीच्या पुढे, खानापूर तालुक्यात. तिथे कोंबड्यांना नावं दिसण्यावरून असत: तांबडी, चितरी, लांडी, उघड्या मानेची. उलट्या पिसांची एक होती. तिला उताऱ्यासाठी मागायला लोक येत आणि आई त्यांना दारातूनच वाटेला लावी. दोन कोंबड्या सारख्या दिसल्या तर आईची पंचाईत व्हायची, कुठली खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, आणि कुठली अंडी चोरून घालते ते कळायचं नाही. मग एकीच्या पायात चिंधी बांधायची. पांढरी कोंबडी मात्र ती ठेवत नसे. अंगणात घार सगळ्यात आधी तीच उचलते. मुंगूस, रानमांजर, जुलैतला तो चार-चार दिवस न थांबणारा पाऊस आणि उन्हाळ्यातली मानमोडी, या सगळ्यांनी मिळून जी निवड करायची ती केलेली असे. उरलेल्यांतून पुन्हा सुरुवात. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस डोळ्यात थेंब टाकून देता येते, हे आमच्याकडे फार उशिरा पोचलं. ज्या वर्षी मानमोडी यायची, त्या वर्षी सकाळी डालगं उचलायला आम्हा मुलांना पाठवत नसत.

आणि कोंबडा घरचा कधीच ठेवायचा नाही, हा आईचा नियम. तो सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मावशीकडून यायचा, आमचा तिकडे जायचा. अर्धलीवर कोंबडी द्यायची पद्धत होती: कोंबडी माझी, दाणापाणी तुझं, पिल्लं निम्मी-निम्मी. अशा कोंबड्या या गावातून त्या गावात, या राज्यातून त्या राज्यात बिनबोभाट फिरत. सीमेवर आमच्या हयातीत जेवढा वाद झाला, त्यात कोंबड्यांच्या येण्या-जाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला मला आठवत नाही. अडवणूक झालीच तर ती लाल बसमधल्या कंडक्टरची; आमच्याकडे कोंबडीलाही अर्धं तिकीट पडतं, आणि डालग्यावर लुगडं टाकून ते वाचवायचे प्रयत्न आईने मनापासून केलेले आहेत. ऐन घाटात आतून आवाज यायचा आणि सगळी बस हसायची.

प्रदर्शनावरून परत आल्यावर मी पायांच्या मागे लागले. भाच्याने दोन-तीन ठिकाणचं वाचायला दिलं, काही त्यानेच समजावलं. कोंबडीच्या पायाचा रंग दोन थरांचा असतो. आत काळसर-निळा रंग असू शकतो. वरची कातडी पांढरी असेल तर तो तसाच निळसर दिसतो, आणि वरची कातडी पिवळी असेल तर आतलं निळं आणि वरचं पिवळं मिळून पाय शेवाळी दिसतात. पांढऱ्या कातडीचा गुण वरचढ, पिवळीचा दबून राहणारा. म्हणजे आई-बाप दोघांचेही पाय निळसर असले, पण दोघांनीही पिवळा गुण आत दडवून ठेवलेला असला, तर सरासरी चार पिल्लांत एकाचे पाय शेवाळी निघणार. माझ्या दोघींचं नेमकं हेच झालं होतं. पुढची गंमत अशी की हा पिवळा रंग कोंबडीला हिरव्या चाऱ्यातून आणि मक्यातून मिळतो, आणि ती अंडी घालू लागली की तोच रंग बलकात उतरायला लागतो. कोंबडी आपल्या पायांतला, चोचीतला पिवळेपणा अंड्यांना देत राहते आणि स्वतः फिकट होत जाते. जुनी माणसं बाजारात कोंबडीची चोच आणि पाय बघून ती किती दिवस अंड्यावर आहे ते ओळखायची, ते यावरूनच. शिमग्यानंतर माझ्या दोन्ही तलंगा अंड्यावर आल्या. शेवाळीचे पाय उतरत-उतरत उन्हाळ्यात जवळजवळ दुसरीसारखेच झाले. मे महिन्यात कुणीही त्यांना सख्ख्या म्हटलं असतं. प्रदर्शनं मात्र हिवाळ्यात भरतात; पावसाळ्याच्या अखेरीस पिसं झडून नवी भरतात आणि थंडीत पक्षी देखणा दिसतो.

पिवळ्या कातडीचा हा गुण आला कुठून, याचंही उत्तर सापडलं. कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा, हे डार्विनपासून चालत आलेलं. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की पिवळी कातडी त्याच्याकडून आलेली नाही. ती आली करड्या रानकोंबड्याकडून. आणि करडा रानकोंबडा म्हणजे आमचाच. हा संकर कुठे आणि केव्हा झाला ते सोडा, तो जांबोटीच्या जंगलातच झाला असं म्हणण्याइतकी मी खुळी नाही. पण तो पक्षी आजही भीमगडच्या रानात आहे. २०११ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही तो रोज ऐकत होतो. सकाळी धुकं खाली बसलेलं असताना कणकुंबीच्या बाजूने त्याची बांग यायची: तुटक, खरखरीत, आमच्या कोंबड्यासारखी शेवट लांबवणारी नव्हे. आमचा कोंबडा तेवढ्यापुरता गप्प राहायचा आणि मग दुप्पट जोराने ओरडायचा. त्या रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळे-पांढरे ठिपके असतात. त्या ठिपक्यांच्या हौसेपायी हे पक्षी एकेकाळी इंग्रजांच्या मासेमारीच्या गळासाठी मारले गेले. नकली माशी बांधायला तीच पिसं लागत. आता कायद्याचं संरक्षण आहे. तर माझ्या तलंगेच्या ज्या पायांवर परीक्षकांनी बोट ठेवलं, ते पाय तिला या घराण्याकडून मिळालेले.

परीक्षकांना हे सांगितलं असतं तरी निकाल बदलला नसता. बदलायलाही नको होता. त्रिकुटाच्या वर्गात सारखेपणालाच गुण असतात.

हा सारखेपणाचा सोस मुळात आला कसा, याचा इतिहास मोठा मजेशीर आहे. इंग्लंडमध्ये १८३५ साली कोंबड्यांच्या झुंजींवर कायद्याने बंदी आली. पुढे दहा वर्षांनी, १८४५ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं आणि बघता-बघता त्याचं वेड पसरलं. झुंजीत पक्षी चांगला की वाईट हे आखाड्यात ठरायचं. प्रदर्शनात ते कुणीतरी नजरेने ठरवायचं, म्हणून नियम लिहावे लागले: तुरा असा, पाय असे, शेपटीचा कोन इतका. अमेरिकेत १८७४ साली त्याचं पुस्तकच निघालं. आपल्याकडे झुंज लावणं १९६०च्या कायद्याने गुन्हा ठरलं आणि इथेही तीच वाट दिसते. तमिळनाडूत पोपटासारख्या चोचीच्या, लांब शेपटीच्या असीलांची, म्हणजे मूळच्या झुंजीच्या जातीच्या कोंबड्यांची, प्रदर्शनं भरतात. तिकडचे लोक धारवाडलाही आले होते. मोटारसायकलच्या किमतीचा एकेक कोंबडा, आणि त्याला मालक हाताने बदाम भरवत होता. तो पक्षी आता लढण्यासाठी नाहीच. लढायला ती शेपटी आणि ती चोच कामाचीही नाही.

आमच्या गल्लीच्या मागे राहणारे एक काका असील पाळतात. याकूब, जावा, चित्ता असे रंगांवरून पक्षी ओळखतात आणि कुठला कुणाच्या पोटचा हे चार पिढ्या मागे जाऊन तोंडपाठ सांगतात. असीलची कोंबडी वर्षाला जेमतेम चाळीसेक अंडी देते, तीही खुडूक होत-होत. अंड्याच्या धंद्याला ती कधीच परवडली नसती. काका आपले कोंबडे रात्री-अपरात्री कुठे घेऊन जातात हे गल्लीला ठाऊक आहे. झुंज मला बघवत नाही. लहानपणी एकदा पाहिली, पुन्हा गेले नाही. तरीही असीलचं रक्त इतक्या चोखपणे टिकवलं ते काकांसारख्यांनीच, प्रदर्शनवाल्यांनी नाही आणि माझ्यासारख्या हौशींनी तर नाहीच. ही गोष्ट मला आवडत नाही, पण ती मला पुसूनही टाकता येत नाही.

याच असीलांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंड गाठलं. तिथे कॉर्नवॉल परगण्यात त्यांच्यापासून रुंद छातीचा एक पक्षी घडवला गेला, त्याला 'इंडियन गेम' म्हणत. पुढे अमेरिकेत त्याचा कॉर्निश झाला, आणि कॉर्निशचा पांढऱ्या प्लायमाउथ रॉकशी संकर होऊन आजच्या ब्रॉयलरचा पाया पडला. खडेबाजारात जाळीच्या पिंजऱ्यात दाटीवाटीने बसलेल्या त्या पांढऱ्या पक्ष्यांच्या छातीत असीलचा अंश आहे. सहा आठवड्यांत दोन किलो. आमच्या जवारीला दीड किलो व्हायला सहा महिने लागतात, आणि म्हणूनच तिचा भाव चढा. भाव चढा म्हटल्यावर नकलाही आल्या. हेब्बाळच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराजा चांगली कोंबडी आहे, परसात जगते, अंडीही बरी देते. पण ती जवारी म्हणून गळ्यात मारली जाते तेव्हा माझं डोकं फिरतं. रंगीत पिसं दिसली की शहरातलं गिऱ्हाईक खूश. त्यात गावोगाव गिरिराजाचे कोंबडे मोकळे सुटले की पुढच्या पिढीत जवारी काय उरली, हे आईलाही सांगता येत नाही. "आता कोंबड्या बघून वळखत न्हाई मी," ती परवा म्हणाली, "खुडूक होती का बघतो, मग ठरवतो." खुडूक न होणारी तिच्या लेखी कोंबडीच नाही, अंडी घालणारं यंत्र.

अमेरिकेत जुन्या जातींसाठी काम करणारी लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी नावाची संस्था आहे. वारसा सांगणारी कोंबडी कुणाला म्हणायचं याची तिने २००९ मध्ये व्याख्या केली. पक्षी नैसर्गिकरीत्या जुगणारा हवा. कोंबडी पाच-सात वर्षं कामाची राहायला हवी. वाढ सावकाश हवी, सोळा आठवड्यांच्या आत विक्रीच्या वजनाला येता कामा नये. आणि विसाव्या शतकाच्या मध्याआधी मान्यता मिळालेल्या जातीची हवी. आईची कोंबडी पहिल्या तीन अटींत डोळे झाकून पास होते आणि चौथीत नापास. आपल्याकडेही देशी जातींची नोंद कर्नालची राष्ट्रीय संस्था ठेवते. कोंबड्यांच्या वीसेक जाती तिथे आहेत. झाबुआचा कडकनाथ आहे, नंदुरबारकडची बुसरा आहे, कर्नाटक-आंध्रातली घागस आहे. नोंद व्हायची तर अंगावर सारखी खूण हवी. आमच्या जांबोटीच्या कोंबडीची खूण हीच की दोघी सारख्या नसतात. अशा पक्ष्यासाठी रकाना कसा आखायचा, हे मला विचारलं तर मीही सांगू शकणार नाही. आणि नोंद नाही म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही, कुणी बघत नाही म्हणून त्या संपत आल्या, हेही तितकंच खरं.

म्हणून यंदा मी परसात मधोमध जाळी मारली. एका बाजूला निवडलेल्या, सगळ्या निळसर पायांच्या. दुसऱ्या बाजूला बाकीच्या, जशा येतील तशा. निवडलेल्या बाजूचं कारण सरळ आहे: मला ते बक्षीस हवंय. ताट-वाट्यांच्या सेटचं बक्षीस असतं, पैशात बघितलं तर एका कोंबडीची किंमत होणार नाही, पण हवंय. भाचा म्हणतो, जमेल. शेवाळी निघेल ती लगेच काढायची. आणि निळसर पायांची असूनही आत पिवळं लपवलंय का, ते शेवाळीशी जुळवून पिल्लांवरून पारखायचं. तीन-चार पिढ्या बापाशी लेक आणि भावाशी बहीण लावत गेलं की सगळ्या सारख्या. त्यानेच मग खाली मान घालून दुसरा हिशेबही सांगितला. एका कोंबड्याबरोबर वीस कोंबड्या ठेवल्या तरी वारशाच्या गणितात तो कळप जेमतेम चार पक्ष्यांचा असतो, कारण प्रत्येक पिल्लाचा अर्धा हिस्सा त्या एकाच बापाचा. सारखेपणा वाढत जातो तशी अंडी कमी फुटतात, पिल्लं अशक्त निघतात. त्याच्या सिल्कींचं तसं झालंय. सुंदर आहेत, पण टॉर्चवर धरलेल्या अंड्यांतली निम्मी सातव्या दिवशीही रिकामी दिसतात. आईला यातलं गणित ठाऊक नाही. तिने फक्त घरचा कोंबडा कधी ठेवला नाही.

या पावसाळ्यात आई अनगोळला आली होती. जाळीच्या दोन्ही बाजू बघून तिने निवडलेल्या बाजूला बोट केलं. "हे काय करालीस? सगळ्यांस्नी एकच गणवेश?" मी प्रदर्शनाचं सांगितलं, बक्षिसाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कर की. पण कोंबडा बदल." चंदगडला मावशीच्या सुनेकडे एक आहे म्हणे. तांबडा, अंगाने दणकट, दोन मानमोड्यांतून वाचलेला. पाय पिवळेधमक. भाच्याला मी फोटो दाखवला, तर त्याने डोक्याला हात लावला: "मावशी, हा आत सोडलास तर तुझी तीन वर्षं पाण्यात."

दसऱ्यानंतर जाऊन आणायचा ठरलाय. कुठल्या बाजूला सोडायचा ते अजून ठरलेलं नाही. आईचा फोन दर दोन दिवसांनी येतो, भाचा बोलायचा बंद झालाय, आणि मावशीच्या सुनेने कळवलंय की तो डालग्यात मावत नाही, येताना पोतं घेऊन ये.